एक्सप्लेनर : फोटोग्राफरचा अंधारा तंबू कसा सुटला? राजा दीनदयाळ यांची गोष्ट

मोबाइलवर आज एका टॅपमध्ये फोटो निघतो. लाला दीनदयाळ यांनी १८७४ मध्ये कॅमेरा हाती घेतला, तेव्हा फोटोग्राफरला गावाबाहेर पडायचे तर अंधारा तंबू आणि रसायने सोबत न्यावी लागत. १८४४ मध्ये मेरठजवळच्या सरधना येथे जन्मलेले दीनदयाळ रुरकीच्या थॉमसन कॉलेजात इंजिनिअरिंग शिकले आणि इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला लागले.

ओली प्लेट म्हणजे काय?
काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि थर ओला असतानाच फोटो काढून डेव्हलप करायचा. थर वाळला की प्लेट वाया.

काय बदलले?
१८७१ मध्ये इंग्रज डॉक्टर रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनचा थर सुचवला. १८७८ मध्ये चार्ल्स बेनेट यांनी हे मिश्रण बराच काळ गरम ठेवून त्याची प्रकाश टिपण्याची क्षमता वाढवली. प्लेट कारखान्यातून तयार मिळू लागली. फोटो आज काढा, डेव्हलप नंतर करा!

दीनदयाळ यांचे पुढे काय झाले?
शिकार, लष्करी कवायती, लांबचे दौरे टिपणे आता सोपे झाले. १८८५ मध्ये ते व्हाइसरॉय डफरिन यांचे छायाचित्रकार झाले. निजामाने त्यांना 'राजा' किताब दिला. १८९६ मध्ये त्यांनी मुंबईत स्टुडिओ थाटला. १९०५ मध्ये मुंबईतच त्यांचे निधन झाले.

मात्र याच सोयीमुळे कॅमेरा हौशी लोकांच्या हातीही गेला आणि मोठ्या स्टुडिओंची मक्तेदारी सैल झाली. दीनदयाळ यांच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपलेल्या आहेत.