पर्वतांचा छायाचित्रकार

विद्यार्थिमित्रांनो, समजा तुमच्यासमोर पिवळ्याधमक पानांनी भरलेले एक झाड आहे आणि तुमच्या कॅमेऱ्यात काळीपांढरी फिल्म आहे. पिवळा रंग तर छायाचित्रात येणार नाही. मग त्या पानांचे तेज पाहणाऱ्याला कसे दाखवाल? अमेरिकेत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स नावाचे एक छायाचित्रकार होऊन गेले. असल्या प्रश्नांची उत्तरे शोधण्यात त्यांचा सारा जन्म गेला.

अ‍ॅन्सेलचा जन्म २० फेब्रुवारी १९०२ रोजी सॅन फ्रान्सिस्को शहरात झाला. तो चार वर्षांचा असताना, १९०६ साली, त्या शहरात मोठा भूकंप झाला. पहिल्या धक्क्यातून तो बचावला. पण नंतरच्या एका धक्क्याने तो बागेच्या भिंतीवर आपटला आणि त्याचे नाक मोडले. ते नाक पुढे जन्मभर वाकडेच राहिले.

शाळेत त्याचे मन रमत नसे. एका जागी बसणे त्याला जमत नव्हते. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत, असे बरेच दिवस चालले. शेवटी १९१५ साली वडिलांनी त्याला शाळेतून काढले आणि घरीच शिकवायची व्यवस्था केली. त्याच वर्षी शहरात एक मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. वडिलांनी त्याला त्या प्रदर्शनाचा वर्षभराचा पास काढून दिला. यंत्रे, चित्रे, संगीत असे सारे काही तिथे होते. मुलगा रोज तिथे जाऊन पाहू लागला, विचारू लागला. (ही हकीकत घरी सांगून तुम्ही शाळा बंद करण्याचा हट्ट धरू नका! अ‍ॅन्सेलच्या वडिलांनी शाळा थांबवली होती, अभ्यास थांबवला नव्हता.)

या मुलाला शिस्त लावली ती पियानोने. बाराव्या वर्षी तो आपला आपणच पियानो वाजवायला शिकला. मग चांगले शिक्षक मिळाले. एकेक सूर शुद्ध येईपर्यंत तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायचा, अशी त्यांची शिकवण होती. आपण मोठा पियानोवादक व्हायचे, असे अ‍ॅन्सेलने ठरवून टाकले.

पण १९१६ साली एक वेगळीच गोष्ट घडली. आजारपणात अंथरुणावर पडून त्याने सिएरा नेवाडा पर्वताविषयीचे एक पुस्तक वाचले आणि त्या पर्वतातील योसेमिटी दरी पाहण्याचा हट्ट धरला. सारे कुटुंब तिकडे गेले. तिथे आईवडिलांनी त्याला एक साधा, खोक्यासारखा कोडॅक ब्राउनी कॅमेरा दिला. हाफ डोम नावाच्या प्रचंड कड्याचे छायाचित्र काढण्यासाठी तो झाडाच्या एका कुजक्या खोडावर चढला. खोड ढासळले. खाली पडता पडता त्याच्या हातून कॅमेऱ्याचा खटका दाबला गेला. छायाचित्र निघाले, पण उलटे! फिल्म धुणाऱ्या माणसालाही ते पाहून नवल वाटले.

त्या वर्षापासून मृत्यूपर्यंत अ‍ॅन्सेल दर वर्षी योसेमिटीला गेला. १९१९ साली तो सिएरा क्लब या निसर्गप्रेमी संस्थेचा सभासद झाला. पुढची काही वर्षे उन्हाळ्यात त्याने दरीतल्या या संस्थेच्या निवासाची देखभाल केली. त्याच दरीत हॅरी बेस्ट या चित्रकाराचे दुकान होते आणि त्या दुकानात एक पियानो होता. सरावासाठी अ‍ॅन्सेल तिथे जाऊ लागला. चित्रकाराची मुलगी व्हर्जिनिया हिच्याशी त्याची ओळख झाली आणि १९२८ साली त्यांचा विवाह झाला.

आता १० एप्रिल १९२७ या दिवसाकडे वळू. अ‍ॅडम्स तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. व्हर्जिनिया आणि तीन मित्र यांच्याबरोबर ते बर्फातून वाट काढत हाफ डोमजवळच्या एका उंच कड्यावर चढले. त्या काळचा मोठा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी. त्यात फिल्मऐवजी काचेच्या जड प्लेटा घालाव्या लागत. एका प्लेटवर एकच छायाचित्र निघे. कॅमेरा, तिपाई आणि बारा प्लेटा असे सारे ओझे अ‍ॅडम्स यांच्या पाठीवर होते. वाटेत बऱ्याच प्लेटा संपल्या. कड्यावर पोहोचले तेव्हा दोनच उरल्या होत्या. समोर हाफ डोमचा उभा कडा होता. पण तो सावलीत होता. ऊन येईपर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता.

दुपारी ऊन कड्यावर आले. अ‍ॅडम्स यांनी भिंगासमोर पिवळा फिल्टर लावला आणि छायाचित्र घेतले. प्लेट झाकली आणि त्याच क्षणी त्यांच्या मनात आले, की चित्र बरोबर येईल, पण आपल्याला आत जे जाणवते आहे ते त्यात येणार नाही. आकाश फिकट राखाडी दिसेल. कड्याची ती जबरदस्त छाती दिसणार नाही. आता हाती एकच प्लेट होती. ती वाया गेली तर हात हलवत परत जायचे. त्यांनी गडद लाल फिल्टर लावला आणि पाच सेकंद झडप उघडी ठेवली. लाल काच निळा प्रकाश अडवते. त्यामुळे निळे आकाश छापील चित्रात जवळजवळ काळे येते आणि बर्फ पांढराशुभ्र चमकतो. रात्री प्लेट धुतली तेव्हा मनात पाहिलेले चित्रच तिच्यावर उतरलेले दिसले. माझ्या मते अ‍ॅडम्स छायाचित्रकार झाले ते त्या दुपारी. डोळ्यांना दिसते ते टिपण्याआधी शेवटचे चित्र मनात पाहायचे, ही त्यांची रीत तिथून सुरू झाली.

तरीही पियानो सुटत नव्हता. आई आणि मावशीला वाटे, कॅमेरा ही काही कला नव्हे. १९३० साली न्यू मेक्सिकोमध्ये पॉल स्ट्रँड या छायाचित्रकाराशी त्यांची भेट झाली. स्ट्रँड यांच्याजवळ दाखवायला छापलेली चित्रे नव्हती, नुसती निगेटिव्ह होती. ती उजेडासमोर धरून अ‍ॅडम्स यांनी पाहिली आणि त्यांचा निश्चय झाला. पियानो मागे पडला. पण संगीताची सवय गेली नाही. निगेटिव्ह म्हणजे लिहून ठेवलेली स्वररचना आणि तिच्यावरून छापलेले चित्र म्हणजे मैफलीतले वादन, असे ते मानत. म्हणून एकाच निगेटिव्हवरून दहा वर्षांनी छापलेले चित्र पहिल्यापेक्षा वेगळे असू शके. मित्र फ्रेड आर्चर यांच्या साथीने त्यांनी १९४० च्या सुमारास एक पद्धतही बसवली. गडद काळ्यापासून शुभ्र पांढऱ्यापर्यंत अकरा पायऱ्या मानायच्या. दृश्याचा कोणता भाग कोणत्या पायरीवर बसवायचा हे आधीच ठरवायचे आणि त्याप्रमाणे प्रकाश द्यायचा, फिल्म धुवायची. जगभरचे छायाचित्रकार आजही ही पद्धत शिकतात.

१९३७ साली योसेमिटीतील त्यांच्या अंधाऱ्या खोलीला आग लागली आणि कित्येक वर्षांच्या मेहनतीची निगेटिव्ह जळून गेली. पुन्हा काढता येतील अशी ती चित्रे नव्हती. एकदा गेलेले ढग आणि ऊन कोण परत आणणार?

१ नोव्हेंबर १९४१ ची संध्याकाळही ऐकण्यासारखी आहे. दिवसभर काम नीट न झाल्याने अ‍ॅडम्स मोटारीतून परतत होते. बरोबर एक मित्र आणि आठ वर्षांचा मुलगा होता. न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या खेड्याजवळ त्यांना दिसले, की पूर्वेला चंद्र वर आला आहे आणि कबरस्तानातले पांढरे क्रूस मावळत्या उन्हात चमकत आहेत. गाडी थांबवून त्यांनी घाईघाईने कॅमेरा उभा केला. पण प्रकाश मोजण्याचे यंत्र सापडेना! मग त्यांना आठवले, की चंद्राचे तेज किती असते हे आपल्याला ठाऊक आहे. त्यावरून मनातल्या मनात हिशेब करून त्यांनी चित्र घेतले. दुसरे घेण्यासाठी प्लेट फिरवली तोवर क्रूसांवरचे ऊन निघून गेले होते. गंमत अशी, की हे चित्र कोणत्या दिवशी काढले हे त्यांना कधीच नीट आठवले नाही. चंद्राच्या जागेवरून गणित करून एका खगोल-अभ्यासकाने १९९१ साली ती तारीख व वेळ शोधून काढली.

वर्गात ही चित्रे दाखवली की मुले विचारतात, त्यांनी रंगीत छायाचित्रे का काढली नाहीत? काढली. पण काळ्यापांढऱ्या चित्रावर त्यांचा जसा ताबा होता तसा रंगांवर त्यांना कधी वाटला नाही. याचा उत्तम नमुना १९५८ सालचा आहे. त्या साली पानगळीच्या दिवसांत ते न्यू मेक्सिकोच्या उत्तर भागातील डोंगरात होते. पानगळ म्हणजे आपण उर्दूत जिला खिजाँ म्हणतो ती. थंड प्रदेशात थंडीआधी पानातले हिरवे द्रव्य नाहीसे होते आणि आधीपासून दडलेला पिवळा रंग उघडा पडतो. तिथल्या अ‍ॅस्पेन या झाडांचे खोड सरळ, फिकट हिरवट पांढरे असते. पानांचे देठ असे असतात, की जराशा वाऱ्याने पान थरथरते. त्या दिवशी वारा नव्हता. झाडे डोंगराच्या सावलीत होती. उजेड होता तो फक्त आकाशाचा आणि दूरच्या ढगांवरून परतलेला. अ‍ॅडम्स यांनी गडद पिवळा फिल्टर लावला. त्याने पिवळी पाने उजळली. सावलीत निळसर उजेड असतो, तो फिल्टरने अडवला आणि मागचे रान काळेभोर झाले. फिल्मही त्यांनी जास्त वेळ धुतली. चित्रात पाने अशी झळकतात, की पाहणारे म्हणतात, कडक ऊन असणार! ऊन मुळीच नव्हते, हे सांगूनही कित्येकांना पटत नसे. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे.

अ‍ॅडम्स यांनी कॅमेऱ्याचा उपयोग आणखी दोन कामांसाठी केला. सिएरा नेवाडातील किंग्ज कॅन्यन हा भाग राखीव व्हावा म्हणून ते १९३६ साली आपली चित्रे घेऊन वॉशिंग्टनला गेले आणि खासदारांना भेटले. १९३८ साली त्या पर्वताच्या चित्रांचे पुस्तक निघाले. ते राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापर्यंत पोहोचले आणि १९४० साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. कागदावरच्या अर्जापेक्षा ही दरख्वास्त भारी ठरली.

दुसरे काम अवघड होते. दुसऱ्या महायुद्धात जपानशी लढाई सुरू होताच अमेरिकेने आपल्याच देशातील एक लाखाहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना घरादारातून उठवून छावण्यांत कोंडले. त्यांतले बहुतेक अमेरिकेचे नागरिक होते. त्यांचा गुन्हा काय? फक्त वंश. सिएराच्या पायथ्याशी मँझनार येथे अशी एक छावणी होती. १९४३ साली अ‍ॅडम्स तिथे गेले. काटेरी तारा, पहारेकरी आणि मनोरे यांची चित्रे घेण्यास मनाई होती. त्यांनी माणसांचे चेहरे टिपले : शेतात राबणारे, शिकवणारे, वर्तमानपत्र छापणारे. हे लोकही इतरांसारखेच अमेरिकन आहेत, असे सांगणारे पुस्तक त्यांनी १९४४ साली, युद्ध चालू असतानाच काढले. ते पुष्कळांना रुचले नाही. काहींच्या मते चित्रांत छावणीचे दुःख पुरेसे दिसत नाही. हा आक्षेप मला अगदीच चुकीचा वाटत नाही. तरी त्या दिवसांत ते पुस्तक काढायला धैर्य लागत होते. १९६५ साली अ‍ॅडम्स यांनी मँझनारचा हा संग्रह अमेरिकेच्या संसद-ग्रंथालयाला देऊन टाकला.

१९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर एक सोनेरी तबकडी अंतराळात पाठवली गेली. पृथ्वीची ओळख करून देणाऱ्या तिच्यातील चित्रांत अ‍ॅडम्स यांचे टेटन पर्वत आणि स्नेक नदीचे छायाचित्र आहे. १९८० साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यांना देशाचे सर्वोच्च नागरी पदक दिले. २२ एप्रिल १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी योसेमिटी उद्यानाच्या आग्नेय सीमेवरील ११,७६० फूट उंचीच्या शिखराला माउंट अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स हे नाव देण्यात आले.