भुताचं नगर कनेक्शन

हॉरर म्हटलं की आपल्या पिढीला कानठळ्या बसवणारं म्युझिक आणि बादलीभर रक्त लागतं. मग कधीतरी रात्री ‘थ्रिलर’ या जुन्या अमेरिकी मालिकेतला ‘द इन्क्रेडिबल डॉक्टर मार्केसन’ हा भाग एकट्याने बघा. २६ फेब्रुवारी १९६२ ला एनबीसीवर लागलेला, ब्लॅक अँड व्हाइट. कडकी लागलेलं एक तरुण जोडपं काकाच्या पडक्या बंगल्यात आसऱ्याला येतं. काकाची अट एकच, रात्री खोलीबाहेर यायचं नाही. (अर्थातच येतात!) खाली बघतात तर काय, ज्या प्राध्यापकांमुळे काकाची नोकरी गेली, त्यांची प्रेतं उठवून तो तीच जुनी चौकशी त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतोय. शेवट सांगत नाही, पण मी त्या रात्री लाइट चालू ठेवून झोपले.

हा काका म्हणजे बोरिस कार्लोफ, तेव्हा वय ७४. तो या मालिकेचा सूत्रधार. ६७ भागांपैकी पाचांमध्येच त्याने स्वतः काम केलं, त्यातला हा एक.

खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट. जन्म लंडनचा, २३ नोव्हेंबर १८८७. घराणं अँग्लो-इंडियन, वडील भारतात मीठ खात्यात नोकरीला होते. आणि आता गंमत बघा. त्याच्या आजीची सख्खी बहीण म्हणजे ॲना लिओनोवेन्स, सयामच्या राजाच्या मुलांना शिकवणारी, ‘द किंग अँड आय’मधली ॲना. ती जन्मली १८३१ मध्ये आपल्या नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला! जगाला मात्र तिने आपला जन्म वेल्समधला असल्याचं सांगितलं. गोऱ्यांच्या जगात हिंदुस्थानी रक्त ही लपवायची गोष्ट होती.

नातवानेही तेच केलं. १९०९ मध्ये कॅनडाला जाऊन शेतमजुरी केली, फिरत्या नाटक कंपन्यांत शिरला आणि कार्लोफ झाला. हे आडनाव आईकडचं असल्याचं तो सांगायचा, पण आईकडे असं कुणी सापडत नाही. रंग सावळा, त्यामुळे हॉलीवूडमध्ये वाट्याला अरब, मूळ अमेरिकन, नाहीतर गुंड. पोटासाठी ट्रकही चालवला.

नशीब उघडलं ते १९३१ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ने. राक्षसाच्या मेकअपला रोज साधारण चार तास. हिरोला उचलून टेकडी चढायचा शॉट इतक्या वेळा घेतला की पाठीचं दुखणं जन्माचं लागलं. एवढं करून सुरुवातीच्या श्रेयनामावलीत त्याच्या नावाच्या जागी फक्त प्रश्नचिन्ह, आणि प्रीमियरचं आमंत्रणही नाही! पिक्चर तुफान चालला. पण तो ते तास विसरला नाही. १९३३ मध्ये कलाकारांची युनियन, स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड, उभी करणाऱ्यांत तो होता, सदस्य क्रमांक नऊ. स्टुडिओंना युनियन नको होती, आणि त्याचं करिअर तर आत्ता कुठे सुरू झालं होतं. मला विचाराल तर त्याचा सगळ्यात धाडसी रोल हाच.

‘मार्केसन’चा दिग्दर्शक होता रॉबर्ट फ्लोरी. ‘फ्रँकेन्स्टाइन’ आधी त्याच्याकडेच होता, मग स्टुडिओने काढून जेम्स व्हेलला दिला. म्हणजे राक्षस त्याच्या हाती लागला तो तीसेक वर्षांनी, टीव्हीवर.

२ फेब्रुवारी १९६९ ला बोरिस इंग्लंडमध्ये गेला. नाव त्याने कायद्याने कधीच बदललं नव्हतं. कागदोपत्री तो शेवटपर्यंत विल्यम प्रॅटच होता.