फिरायला निघालेली एमाआजी

न्यू इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आणि शनिवार-रविवारी डोंगर चढायला जाणाऱ्या मराठी मंडळींना ॲपलेशियन ट्रेल हे नाव नवं नाही. जॉर्जियात सुरू होऊन मेन राज्यातल्या कटाडिन पर्वतावर संपणारी ही पायवाट चौदा राज्यांतून जाते. लांबी सुमारे 3,500 किलोमीटर. झाडांवर आणि खडकांवर रंगवलेले पांढरे पट्टे शोधत चालायचं. या वाटेवर नाव कमावलेली माणसं पुष्कळ आहेत, पण मला सगळ्यात जवळची वाटते ती एक ओहायोतली शेतकरीण. अकरा मुलांची आई, तेवीस नातवंडांची आजी. तिचं नाव एमा गेटवूड.

एमाचा जन्म 25 ऑक्टोबर 1887 चा, ओहायोतल्या गॅलिया काउंटीतला. पंधरा भावंडांतली ती एक. शाळा आठवीपर्यंतच झाली, पण वाचनाची आवड शेवटपर्यंत टिकली. रानातली कोणती वनस्पती खायची, कोणती औषधाला चालते, हे तिला चांगलं कळायचं. 1907 मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, तिचं पी. सी. गेटवूड नावाच्या माणसाशी लग्न झालं. तो शिकलेला, आधी शिक्षक असलेला. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्याने तिच्यावर हात उचलला आणि मग ते तीस वर्षांहून जास्त काळ चालू राहिलं. शेतातली राबणूक, बाळंतपणं आणि मार. जिवावर बेतेल इतका मार तिने अनेकदा खाल्ला. घरात असह्य झालं की ती रानात निघून जायची. तिला शांतता मिळायची ती फक्त झाडांमध्ये.

1939 मध्ये असंच एक भांडण झालं. तिने नवऱ्याच्या अंगावर पिठाची पिशवी फेकली आणि पोलीस आले ते तिलाच पकडायला! तुटलेले दात आणि मोडलेली बरगडी घेऊन ती तुरुंगात बसली. तिची ती अवस्था बघून गावच्या मेयरने तिला स्वतःच्या घरी आसरा दिला. त्या काळात घटस्फोट मिळणं सोपं नव्हतं, तरी पन्नाशी ओलांडल्यावर तिने तो मिळवला. मग उरलेली मुलं वाढवली, मिळेल ते काम केलं, सगळ्यांना मार्गी लावलं.

पुढे कधीतरी तिच्या हाती नॅशनल जिओग्राफिकचा एक जुना अंक आला. 1949 चा. त्यात ॲपलेशियन ट्रेलवर लेख होता. वाट छान राखलेली, मुक्कामाला निवारे, असं चित्र त्यातून उभं राहत होतं. ही वाट एकटीने सलग चालून पूर्ण केलेली बाई तोवर कुणी नव्हती. एमाने ठरवलं, आपण जायचं.

इथे मला या वाटेच्या शेवटच्या टप्प्याबद्दल सांगायला हवं, कारण एमाची खरी परीक्षा तिथेच झाली. मेनमधल्या मॉन्सन गावातून निघालं की ॲबोल ब्रिजपर्यंत सुमारे 160 किलोमीटर निव्वळ जंगल आहे. त्याला हंड्रेड माइल विल्डरनेस म्हणतात. लाकूडतोडीचे कच्चे रस्ते मधून मधून आडवे जातात, पण वाटेत गाव नाही, दुकान नाही. दहा दिवसांचं खाणं बरोबर नसेल तर पुढे जाऊ नका, असं सुरुवातीलाच पाटीवर बजावलेलं आहे.

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये मी ऑफिसमधल्या दोघी मैत्रिणींबरोबर हा टप्पा चालले. पाठीवर पंधरा किलोंची सॅक, त्यात हलका तंबू, पाणी गाळायचं यंत्र, फोनमध्ये नकाशे. पहिले काही दिवस बॅरन आणि चेअरबॅक डोंगरांच्या रांगेने घाम काढला. नकाशावर लहान दिसणारे हे चढउतार संपता संपत नाहीत. वाट म्हणजे अर्ध्या ठिकाणी झाडांची मुळं, अर्ध्या ठिकाणी दलदलीवर टाकलेल्या फळ्या. काही नद्यांवर पूल नाहीत. एकमेकींचा हात धरून, थंडगार पाण्यातून पाय चाचपत पलीकडे जायचं. व्हाइट कॅपच्या माथ्यावरून पहिल्यांदा कटाडिन दिसला, तेव्हा तो फार लांब होता. चष्म्यावर पावसाचे थेंब आले की पुढचा पांढरा पट्टा दिसायचा नाही, आणि दर वेळी मला एमा आठवायची.

कारण याच भागात तिचा चष्मा फुटला होता. 1954 मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, ती पहिल्यांदा निघाली ती उलट्या बाजूने, म्हणजे कटाडिनवरून दक्षिणेकडे. काही दिवसांतच रेनबो लेकच्या आसपास वाट चुकली, चष्मा फुटला, जवळचं खाणं संपत आलं. वनरक्षकांना ती सापडली आणि त्यांनी तिला सरळ घरी जायला सांगितलं. ती गेली. पण या फजितीबद्दल तिने घरी अवाक्षर काढलं नाही.

पुढच्या वर्षी ती पुन्हा निघाली. या वेळी जॉर्जियातून, म्हणजे ते जंगल सगळ्यात शेवटी येणार होतं. मुलांना एवढंच सांगितलं, की जरा फिरायला जाते. 3 मे 1955 ला तिने माउंट ओगलथॉर्पवरून सुरुवात केली. पायात कॅनव्हासचे बूट. खांद्यावर स्वतः शिवलेलं जाड कापडाचं बोचकं, तेही नऊ किलोंच्या आतलं. त्यात एक ब्लँकेट, रेनकोट, न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा, बेदाणे, शेंगदाणे, डब्यातले सॉसेज, दुधाची पावडर. तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही. आजकाल बॅकपॅकिंगवाले वजन कमी करण्यासाठी शेकडो डॉलर खर्च करतात, आणि या बाईने ते शिवणकामाच्या दोऱ्यात भागवलं होतं.

लेखात वाचलेली ती राखलेली वाट तिला फारशी भेटली नाही. कुठे खुणा पुसलेल्या, कुठे निवारे कोसळलेले. ती निवाऱ्यात झोपली, कुणाच्या ओसरीत झोपली, पाल्यापाचोळ्यावरही झोपली. काही घरांनी जेवू घातलं, काहींनी दारातून हाकललं. ऑगस्टमध्ये कॉनी आणि डायॅन ही दोन चक्रीवादळं लागोपाठ आली, नद्यांना पूर आले. व्हरमाँटमध्ये पूल वाहून गेलेला एक प्रवाह तिने नौदलातल्या दोन तरुणांच्या आधाराने, दोरी बांधून ओलांडला. तोपर्यंत वर्तमानपत्रवाल्यांना बातमी लागली होती. आई नेमकी कुठे फिरते आहे हे मुलांनाही तेव्हाच नीट कळलं!

शेवटी ते मेनचं जंगल आलं. आदल्या वर्षी जिथून तिला परत पाठवलं होतं, तीच जागा. या वेळी ती थांबली नाही. 25 सप्टेंबर 1955 ला, सदुसष्टाव्या वर्षी, कटाडिनच्या 1,600 मीटर उंच माथ्यावर ती पोचली. 146 दिवसांत सुमारे 3,300 किलोमीटर, म्हणजे रोजचे सरासरी बावीस. कडाक्याच्या थंडीत, होते नव्हते ते सगळे कपडे अंगावर चढवून ती तिथे उभी राहिली आणि अमेरिका द ब्युटिफुल हे गाणं गायली. मी त्या माथ्यावर पोचले तेव्हा माझ्या पोटऱ्या थरथरत होत्या. शेवटच्या चढाला खडकात रोवलेल्या लोखंडी सळ्या धरून वर ओढून घ्यावं लागतं. कॅनव्हासच्या बुटांत हे कसं जमलं असेल, ते मला अजून कळलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती, तेव्हा तिला मी हे सगळं सांगितलं. किलोमीटरच्या आकड्यांचं तिला काही वाटलं नाही. तिने विचारलं, की मुलांनी तिला अडवलं नाही का? मी म्हटलं, तिने अडवायला संधीच दिली नाही. आई बराच वेळ गप्प होती. मग तिने ते बोचकं कसं शिवलं होतं, नाडीचं होतं का, हे विचारून घेतलं.

आपल्या आया इथे येतात त्या बहुतेक वेळा आपल्या गरजेच्या तारखांना. बाळंतपण, डेकेअरची अडचण, नवी नोकरी. तिकीट आपण काढतो, परतीची तारीखही आपणच ठरवतो. एमाची कर्तव्यंही कमी नव्हती, पण ती संपल्यावर उरलेलं आयुष्य कुणाचं, हा प्रश्न तिने कुणाला विचारला नाही. तो तिने चालून सोडवला. मार खाताना जे रान तिला आडोसा द्यायचं, त्याच रानात ती म्हातारपणी स्वतःच्या मर्जीने गेली.

पुढे 1957 मध्ये तिने ही वाट पुन्हा पूर्ण केली. 1959 मध्ये मिसुरीतल्या इंडिपेंडन्सपासून ओरेगॉनमधल्या पोर्टलंडपर्यंत, जुन्या ओरेगॉन ट्रेलच्या मार्गाने चालत गेली. 1964 मध्ये, शहात्तराव्या वर्षी, ॲपलेशियन ट्रेल तुकड्या-तुकड्यांनी तिसऱ्यांदा पुरी केली. तीन वेळा ती पार करणारी ती पहिलीच व्यक्ती, पुरुष धरूनसुद्धा. वाटेच्या दुरवस्थेबद्दल ती उघडपणे बोलली, त्यामुळे लोकांचं तिकडे लक्ष गेलं आणि डागडुजीला जोर आला. म्हातारपणी गॅलिया काउंटीत तिने स्वतः फिरून पायवाटेच्या खुणा रंगवल्या.

4 जून 1973 ला, पंच्याऐंशीव्या वर्षी, ती गेली. ओहायोतल्या हॉकिंग हिल्समध्ये ओल्ड मॅन्स केव्हपासून ॲश केव्हपर्यंतची सुमारे दहा किलोमीटरची पायवाट आज तिच्या नावाने ओळखली जाते. धबधबे आहेत, गुहा आहेत, चढ बेताचे आहेत. कोलंबसहून गाडीने तासाभराच्या थोडं पलीकडे. आई-बाबा ओहायोत आले असतील, तर मॉलच्या आधी त्यांना तिथे घेऊन जा. आणि त्यांना पुढे चालू द्या.