पन्नास टक्क्यांचं देणं

टेरी फॉक्सचा तो फोटो पुष्कळांच्या ओळखीचा असेल. कुरळ्या केसांचा तरुण, अंगात टी-शर्ट आणि अर्धी चड्डी, डावा पाय धडधाकट आणि उजव्याच्या जागी कृत्रिम पाय. मागे रिकामा, लांबच लांब रस्ता. मुंबईत त्याच्या नावानं कर्करोग संशोधनासाठी दौड व्हायची, तिच्यात मी एकदा चालले होते. (धावले, असं लिहायचा मोह आवरते.) त्या सकाळी टेरी माझ्यासाठी फक्त एक नाव होता. त्याच्याबद्दल नीट वाचलं ते पुढे, आजार घरात आला तेव्हा.

ताईच्या मुलाला सोळाव्या वर्षी गुडघ्याच्या वर हाडाचा कॅन्सर निघाला. ऑस्टिओसार्कोमा. डॉक्टरांनी उपचार समजावून सांगितले आणि एका नव्या औषधाच्या चाचणीत भाग घ्याल का, असंही विचारलं. संमतीचा कागद घरी आला आणि तीन दिवस जेवणाच्या टेबलावर पडून राहिला. ताईचा प्रश्न एकच होता. प्रयोग करायला माझाच पोरगा सापडला का? मावशी म्हणून माझ्याकडेही उत्तर नव्हतं. त्या तीन रात्री मी टेरीचं आयुष्य वाचत बसले, कारण त्याचाही आजार हाच होता.

टेरीचा जन्म २८ जुलै १९५८ चा, कॅनडातल्या विनिपेगचा. वडील रेल्वेत नोकरीला. पुढे कुटुंब पश्चिम किनाऱ्याजवळच्या पोर्ट कोक्विटलम गावी आलं. पोरगा उंचीनं कमी, पण बास्केटबॉलचं वेड लागलेला. शाळेतल्या मास्तरांनी त्याला लांब पल्ल्याचं धावणं सुचवलं. तो धावला, पण बास्केटबॉल सोडला नाही. सुरुवातीला बाकावरच बसून राहणारा हा मुलगा दोन-तीन वर्षांत शाळेच्या मुख्य संघात खेळू लागला. स्वभाव असा हट्टी. विद्यापीठात शारीरिक शिक्षणाचा शिक्षक व्हायचं म्हणून शिकत असतानाच उजवा गुडघा दुखू लागला. खेळताना लागलं असेल म्हणून त्यानं दुखणं अंगावर काढलं. आपल्याकडची मुलं तरी काय वेगळं करतात? मार्च १९७७ मध्ये निदान झालं आणि काही दिवसांतच पाय गुडघ्याच्या सहा इंच वर कापला. वय अठरा.

डॉक्टरांनी त्याला सांगितलं की, वाचण्याची शक्यता पन्नास टक्के आहे. दोनच वर्षांपूर्वी ती पंधरा टक्के होती. हा फरक संशोधनानं पडला, हे त्याच्या मनावर कायमचं कोरलं गेलं. पुढचे सोळा महिने केमोथेरपी चालली. त्या वॉर्डात त्यानं आपल्याच वयाची मुलं वेदनेत पाहिली, काहींची खाट रिकामी झालेली पाहिली. आपण बाहेर पडलो, ते पडले नाहीत, ही टोचणी घेऊन तो घरी आला.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्याच्या शाळेतल्या प्रशिक्षकानं एक मासिक आणून दिलं होतं. एका पायानं न्यूयॉर्क मॅरेथॉन पुरी केलेल्या धावपटूवरचा लेख त्यात होता. त्या लेखानं बी पेरलं. टेरीनं चौदा महिने सराव केला. कृत्रिम पाय पुढे टाकायचा आणि चांगल्या पायावर दोनदा उडी मारायची, अशी ती चाल. मांडीचा उरलेला भाग सोलवटून निघे, रक्त येई. कॅनडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावायचं आणि संशोधनासाठी पैसे जमवायचे हा बेत आईला सांगितला, तेव्हा तिनं कडाडून विरोध केला. कुठली आई करणार नाही?

१२ एप्रिल १९८० रोजी सेंट जॉन्सच्या किनाऱ्यावर त्यानं कृत्रिम पाय अटलांटिकमध्ये बुडवला आणि समुद्राचं पाणी बाटलीत भरून घेतलं, पलीकडे पॅसिफिकमध्ये ओतायला. मित्र डग गाडी चालवत सोबत होता. रोज साधारण ४२ किलोमीटर, म्हणजे रोज एक मॅरेथॉन. सुरुवातीला वारा, पाऊस आणि बर्फ यांखेरीज फारसं कुणी भेटलं नाही. पण पोर्ट ओ बास्क या दहा हजार वस्तीच्या गावानं दहा हजार डॉलर जमवून दिले आणि त्याला हिशेब सुचला: माणशी एक डॉलर. टोरांटोत पोचला तेव्हा चौकात दहा हजार माणसं होती. ज्या कंपन्यांना त्याच्याकडून जाहिरात हवी होती, त्यांचे पैसे मात्र त्यानं नाकारले.

१ सप्टेंबरला थंडर बे शहराबाहेर खोकला आणि छातीतली कळ असह्य होऊन तो थांबला. १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर. कॅन्सर फुप्फुसांत पोचला होता. बाटलीतलं पाणी पॅसिफिकपर्यंत गेलं नाही.

इथवरची कथा पुष्कळांना ठाऊक असते. मला त्या रात्री थांबवलं ते त्या पन्नास टक्क्यांनी. टेरीनं जो आकडा निःशंक मानला, त्यावर तेव्हा डॉक्टरांतच वाद पेटलेला होता. शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी दिलेले रुग्ण जास्त जगतात, असं सांगितलं जाई ते जुन्या रुग्णांशी तुलना करून. मेयो क्लिनिकचे डॉक्टर म्हणत की, आमच्याकडचे केमोथेरपी न घेतलेले रुग्णही आताशा पूर्वीपेक्षा जास्त जगताहेत. मग श्रेय औषधाला कसं देता? त्यांनी एक छोटी चाचणीही केली आणि मेथोट्रेक्सेट या औषधानं फरक पडलेला दिसला नाही.

शेवटी अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांनी मिळून चाचणी घेतली. शस्त्रक्रिया सर्वांवर; नंतर कुणाला लगेच औषधं द्यायची आणि कुणावर नुसती नजर ठेवायची, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरणार. १९८६ मध्ये निष्कर्ष आले. दोन वर्षांनंतर औषधं घेतलेल्यांपैकी ६६ टक्के रुग्णांत आजार उलटला नव्हता. नुसत्या देखरेखीखालच्यांत १७ टक्के. वाद संपला. किती रुग्णांच्या जिवावर? चिठ्ठी मान्य करणारे अवघे ३६ होते. आणखी ७७ जणांनी ती नाकारून आपला मार्ग आपणच निवडला. आजार इतका दुर्मिळ की, एवढ्यांवरच निकाल लागला. त्यातले देखरेखीच्या बाजूला गेलेले बहुतेक रुग्ण पुन्हा आजारी पडले. माझा भाचा आज जी औषधं खात्रीनं घेतो, ती खात्री त्यांनी दिली.

टेरीच्या शेवटच्या महिन्यांत त्याला इंटरफेरॉन दिलं गेलं. तो धावायला निघाला त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी ते औषध ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकलं होतं. माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपासून ते काढावं लागे. दुर्मिळ आणि भयंकर महाग. टेरीला त्यानं वाचवलं नाही. १ फेब्रुवारी १९८१ ला निधी २ कोटी ४१ लाख डॉलरच्या पुढे गेला, म्हणजे माणशी एक डॉलर पुरा झाला. २८ जूनच्या पहाटे तो गेला. तेविसावा वाढदिवस महिन्यावर होता.

इंटरफेरॉनचा प्रश्न मात्र लोंबकळत राहिला. २००५ ते २०११ या काळात १७ देशांनी मिळून या आजाराचे २,२६० रुग्ण एका चाचणीत नोंदवले. ज्यांना नेहमीची औषधं चांगली लागू पडली, अशा ७१६ जणांत चिठ्ठी टाकून निम्म्यांना वर इंटरफेरॉन द्यायचं ठरलं. २०१५ मध्ये उत्तर आलं: तीन वर्षांनंतर ७७ विरुद्ध ७४ टक्के, म्हणजे योगायोगानंही पडेल इतकाच फरक. साडेतीन दशकांनी मिळालेलं हे नकाराचं उत्तर वाचून मला का कोण जाणे, बरं वाटलं. निदान आता कुणी आई-बाप त्या औषधासाठी दागिने मोडणार नाहीत.

सगळंच असं निराशेचं नाही. आज बहुतेक मुलांचा पाय वाचवता येतो. टेरीच्या वेळी तो कापणं हाच रिवाज होता. मेथोट्रेक्सेट द्यायचं तर रक्तातलं त्याचं प्रमाण वरचेवर मोजावं लागतं, ते सगळीकडे जमत नाही. म्हणून आपल्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी ते वगळून औषधांची वेगळी पद्धत बसवली. टेरीच्या नावानं आजवर ८५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली आहे. तरी ऑस्टिओसार्कोमातून बरं होण्याचं प्रमाण १९८० च्या दशकानंतर फारसं पुढे सरकलेलं नाही, हेही खरंच.

चौथ्या दिवशी सकाळी मी ताईला टेरीबद्दल नाही, त्या छत्तीस जणांबद्दल सांगितलं. ती काही बोलली नाही. दुपारी तिनं भाच्याला शेजारी बसवून कागद पहिल्या ओळीपासून वाचला, डॉक्टरांना फोन करून चाचणीतून कधीही बाहेर पडता येतं ना, हे दोनदा विचारलं आणि सही केली. चिठ्ठी निघाली ती जुन्याच औषधांची.