विसापूरचे वि. स. पागे : रोजगार हमीचे जनक

स्मरणिका समितीने माझ्याकडे लेख मागितला तेव्हा मी सुरुवातीला नाही म्हणालो. आयुष्यभर खतावण्या आणि कर्जाच्या फायली बघितल्या, लेख लिहायची सवय नाही. पण समितीतल्या तरुण मंडळींनी पिच्छाच पुरवला, सांगली जिल्ह्यातल्या एखाद्या मोठ्या माणसावर लिहा म्हणून. क्रांतिसिंह नाना पाटील, वसंतदादा ही नावं सगळ्यांना पाठ आहेत. मला मात्र ज्यांचं नाव पटकन आठवलं, ते आपल्या मुला-नातवंडांना बहुधा माहीत नसेल. ते म्हणजे तासगाव तालुक्यातील विसापूरचे विठ्ठल सखाराम पागे. त्यांची ओळख करून देण्यासाठी तुमच्या पगाराच्या स्लिपपासून सुरुवात करतो.

आपल्या सोसायटीत नोकरी करणारे जेवढे आहेत, त्यांच्या पगारातून दर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये प्रोफेशन टॅक्स म्हणून कापले जातात. वर्षाचे २५०० होतात. इन्कम टॅक्सवर आपण तासन् तास बोलतो, या कपातीकडे कोणी बघतही नाही. मी १९७६ साली बँकेत लागलो, तेव्हा ही कपात नवीनच होती. पहिल्या पगारात ती दिसल्यावर मी आमच्या हेडक्लार्ककडे कुरकुर केली होती. हा पैसा कशासाठी जातो, ते त्यांनी मला समजावून सांगितलं आणि मी गप्प झालो. गप्प का झालो, ते समजायला थोडं मागं जावं लागेल.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिलाय, असे आपल्या सोसायटीत आता मोजकेच राहिले. मी तेव्हा कॉलेजात होतो. आपला जिल्हा म्हणजे दोन जिल्हे. कृष्णाकाठी ऊस, आणि पूर्वेला जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे कुसळं. त्या वर्षी पूर्वेकडच्या वाटेनं जाताना रस्त्याच्या कडेला खडी फोडणारी माणसं संपता संपत नव्हती. त्यात कालपर्यंत दहा-वीस एकराचे मालक म्हणवणारेही होते. बायका पदर डोक्यावर घेऊन, तान्ही पोरं कडेच्या लिंबाखाली निजवून पाट्या टाकत होत्या. सुकडी आणि परदेशातून आलेला तांबडा मिलो खाऊन लोकांनी दिवस काढले. पण त्या दुष्काळात माणसं मोठ्या संख्येनं भुकेनं मेली नाहीत, याचं कारण ही कामं. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. जगातल्या अभ्यासकांनी याची नोंद घेतली आहे.

आता प्रश्न असा की दुष्काळ पडला तर सरकार काम काढणार, पण एरवीचं काय? कोरडवाहू शेतीत वर्षाचे चार-पाच महिने हाताला काम असतं. बाकीच्या दिवसांत मजुराच्या घरची चूल कशी पेटायची? हा प्रश्न पागेसाहेबांनी दुष्काळाच्या आधीच धरला होता.

पागे यांचा जन्म १९१० सालचा. गांधीजींच्या विचारांचा संस्कार तरुणपणीच झाला. स्वातंत्र्याच्या चळवळीत ते उतरले, तुरुंगवास भोगला. संतसाहित्याचा त्यांचा अभ्यास मोठा होता. पुढे ते विधान परिषदेवर गेले आणि महाराष्ट्र राज्य झालं त्याच साली, १९६० मध्ये, परिषदेचे सभापती झाले. ते १९७८ पर्यंत, म्हणजे सलग १८ वर्षे. एवढा काळ त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलं नाही. सभापती म्हणजे मानाचं पद, पण त्याच्या हातात ना खातं, ना खर्चायला पैसा. अशा खुर्चीत बसून माणूस फार तर सभागृह शिस्तीत चालवतो. पागेसाहेबांनी त्या खुर्चीचा उपयोग आपल्या गावच्या मजुरासाठी केला, हे मला सर्वात मोठं वाटतं.

असं सांगतात की एका लहानशा रकमेत किती मजुरांना किती दिवस काम देता येईल, हा हिशेब त्यांनी प्रथम घरी पत्नीबरोबर बोलताना मांडला. मग तो आकडा तालुक्याला, जिल्ह्याला, राज्याला लावून पाहिला आणि त्यांच्या लक्षात आलं की हे अशक्य नाही. तेव्हा वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. पागेसाहेबांनी कल्पना त्यांच्यापुढे ठेवली आणि १९६९ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरातल्या ११ गावांत प्रयोग सुरू झाला. जो काम मागेल त्याला काम, आणि काम असं की ज्यातून गावची जमीन आणि पाणी सुधारेल. बांधबंदिस्ती, नाले अडवणं, पाझर तलाव, रस्ते. महाराष्ट्राची आणि पुढे देशाची योजना आपल्या जिल्ह्यातल्या ११ गावांत अशी रुजली.

१९७२ च्या १ मे रोजी ही योजना राज्यभर लागू करायची ठरली आणि नेमका तेव्हाच मोठा दुष्काळ आला. मग दुष्काळी कामंच पुढं रेटावी लागली. पाऊसपाणी झाल्यावर योजनेनं पुन्हा जोर धरला. पण पैशाची सोय काय? इथं माझ्यातला बँकवाला जागा होतो. कोणतीही योजना जाहीर करणं सोपं, तिला कायमचा निधी लावणं अवघड. १९७५ साली प्रोफेशन टॅक्सचा कायदा आला तो यासाठी. शहरात नोकरी-धंदा करणाऱ्यानं थोडं द्यायचं आणि जेवढं जमेल तेवढीच भर सरकारनं आपल्या तिजोरीतून घालायची. तुमच्यापैकी ज्यांचे व्यापारी गाळे आहेत, त्यांच्या घरपट्टीच्या बिलात शिक्षण कराच्या जोडीला रोजगार हमी कर अशी ओळ असते, तीही याच कुटुंबातली. आपण सोसायटीत दर महिन्याला सिंकिंग फंड बाजूला काढतो, इमारतीला तडा गेल्यावर वर्गणी मागत फिरत नाही. तसंच हे. गरिबाच्या घराला तडा जाण्याआधी काढून ठेवलेला फंड.

याच्याही पुढची पायरी म्हणजे कायदा. १९७७ साली, वसंतदादा मुख्यमंत्री असताना, रोजगार हमीचा कायदा विधिमंडळानं एकमतानं मंजूर केला. तो अमलात आला २६ जानेवारी १९७९ रोजी. योजना आणि कायदा यात फरक काय, असं कोणी विचारेल. योजना म्हणजे सरकारची मर्जी, आज आहे उद्या नाही. कायदा म्हणजे मजुराचा हक्क. खेड्यातल्या कोणाही प्रौढ माणसानं अंगमेहनतीचं काम मागितलं की १५ दिवसांत ते द्यायचं, न दिल्यास बेकारी भत्ता द्यायचा. भत्ता सुरुवातीला रोज १ रुपयाच होता, पण तो रुपया म्हणजे सरकारनं स्वतःची चूक कबूल केल्यासारखं होतं. बाईला आणि पुरुषाला एकाच कामाचा एकच दर. कामावर पिण्याचं पाणी, सावली, प्रथमोपचार आणि लहान मुलांसाठी पाळणाघर. आणि हे सगळं भीक म्हणून नाही, घामाच्या बदल्यात. फुकट वाटप करायचं तर गरीब कोण हे तलाठ्यानं ठरवावं लागतं. इथं कडक उन्हात टिकाव मारायला जो येतो, त्यानं आपली गरज स्वतःच सिद्ध केलेली असते. दाखल्याची भानगड नाही. कर्जदार पारखण्यात माझा जन्म गेला, पण इतकी सोपी आणि खात्रीची पारख मी दुसरी पाहिली नाही.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. खोटी मस्टरं भरली गेली, काही कामं कागदावरच राहिली, ५० मजूर जमल्याशिवाय नवीन काम निघायचं नाही म्हणून वाडीवरची चार घरं ताटकळत राहिली. माझ्या स्वतःच्या बाबतीतली एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला हा लेख पुरा करता येणार नाही. २००५ साली केंद्र सरकारनं महाराष्ट्राच्याच धर्तीवर देशभरासाठी कायदा केला, त्यात कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी होती. मजुरी बँकेत किंवा पोस्टात जमा होऊ लागली. मी तेव्हा निवृत्तीच्या उंबरठ्यावर, दुष्काळी भागातल्या एका शाखेत होतो. एक मावशी दर बाजाराच्या दिवशी यायच्या, पैसे आलेत का विचारायच्या आणि नाही म्हटलं की परत जायच्या. चार वेळा आल्या. पाचव्या वेळी मी स्वतः फाइल काढली, तर त्यांची मजुरी आमच्याकडेच येऊन पडलेली. मस्टरवरचं नाव आणि खात्यावरचं नाव यात एका अक्षराचा फरक, म्हणून कोणीतरी ती रक्कम सस्पेन्सला टाकून ठेवली होती. तोवर मावशींनी दुकानदाराकडून उधारीवर धान्य नेलं होतं. पैसे दिले तेव्हा त्या मलाच हात जोडत होत्या. मला वर बघवेना. पागेसाहेबांनी वर्षानुवर्षं खपून जी हमी उभी केली, ती माझ्या टेबलाशी येऊन महिनाभर अडकली होती. कायदा कितीही चांगला असो, शेवटच्या टेबलावरच्या माणसानं मान वर करून बघितलं नाही तर तो फुकट जातो, हे मी त्या दिवशी शिकलो. ते जरा उशिरा शिकलो, याची खंत आहे.

पागेसाहेब १९९० साली गेले. त्याच वर्षी रोजगार हमीला फळबाग लागवडीची जोड मिळाली. माळरानावर डाळिंब, बोर, सीताफळ, आंबा उभा राहिला. पुढे टेंभू, म्हैसाळचं पाणी आलं आणि पूर्व भागाचं रूप पालटू लागलं. त्या पाण्याचं श्रेय वेगळ्यांचं आहे. पण पाणी येईपर्यंत माणसं गावात टिकली, बांध टिकले, पोरं शाळेत राहिली, त्याला रोजगार हमीचा मोठा हात लागला.

आपल्या सोसायटीला २५ वर्षं झाली. जिन्याची झाडलोट करणाऱ्या बाया, वॉचमन, घरकामाच्या मावशी, यांतले कितीतरी जण त्याच पूर्व भागातून आलेले आहेत. शहरात त्यांना रोजगार हमीचा कायदा नाही. त्यांची हमी म्हणजे आपणच. मी रौप्यमहोत्सवाच्या निमित्तानं एकच सुचवतो. त्यांचा पगार महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, एक दिवसही न टाळता व्हावा. आपल्या लिफ्टच्या बिलाला उशीर झाला तर चालेल. आणि पुढच्या पगारात २०० रुपयांची ती कपात दिसली की कुरकुर करण्याआधी विसापूरच्या त्या माणसाची एकदा आठवण काढावी.