हाईम सॅम्युएल केहिमकर : बेने इस्राएल समाजाचे इतिहासकार

भांडुपहून लोकलने तिसरे स्थानक ठाणे. तेथे १८७९ साली बांधलेले ‘शाआर हाशामाईम’ हे यहुदी प्रार्थनामंदिर आहे. त्यावरून जाणाऱ्या आपल्या भाविकांना घरी मराठी बोलणाऱ्या या यहुदी बांधवांची, म्हणजे बेने इस्राएल समाजाची, माहिती क्वचितच असते. त्यांचा इतिहास विस्ताराने लिहिण्याचे कार्य ज्यांनी केले, ते हाईम सॅम्युएल केहिमकर.

केहिमकरांचा जन्म १८३० चा. आडनावावरून त्यांचे मूळ गाव अलिबागजवळचे किहीम हे सहज ओळखता येते. कुलाबा जिल्ह्यात हा समाज तेलाचे घाणे चालवी, शनिवारी घाणा बंद ठेवी. म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. हिब्रू भाषा आणि धर्मग्रंथ काळाच्या ओघात हरपले होते, तरी शब्बाथ, सुंता आणि एकाच देवावरील श्रद्धेची प्रार्थना एवढे त्यांनी जपले. एलिया संदेष्ट्याच्या नावाने मलिद्याचा विधी ते आजही करतात. पुढे स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. मिशनरींच्या शाळांतून हा समाज जुना करार शिकला. ख्रिस्ती मात्र फारच थोडे झाले. तरीही या उपकाराचे स्मरण त्यांनी ठेवले, हे आपण नमूद केले पाहिजे.

समाजाची स्वतःची शाळा असावी, या ध्यासाने केहिमकरांनी आपल्या बंधूंच्या साहाय्याने १८७५ साली मुंबईत शाळा सुरू केली. तीच पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

परंतु त्यांचे खरे जीवनकार्य म्हणजे त्यांचा इंग्रजी ग्रंथ. बगदादहून मुंबईत आलेले यहुदी या कोकणी बांधवांच्या यहुदीपणाविषयी शंका घेत, सोयरीक टाळत. आपल्याच धर्मबंधूंनी परके मानावे, याहून मोठे दुःख कोणते? केहिमकरांनी त्याला उत्तर दिले ते पुराव्यांनी. सणवार, विवाहविधी, आडनावे, पलटणीतील अधिकाऱ्यांची नावे, सारे त्यांनी टिपून ठेवले. नौगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, ही परंपरागत कथा त्यांनी इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमाराची, राजा अंतियोखाच्या काळातील ठरविली. मक्काबींचे ग्रंथ वाचणाऱ्या कॅथलिकांना हा राजा परिचित आहे. या कालनिर्णयास लेखी आधार नाही, तो तर्कच मानावा लागेल. याउलट, डोळ्यांनी पाहिलेल्या चालीरीतींचे त्यांचे वर्णन आजही अभ्यासकांना अमोल वाटते.

ग्रंथ १८९७ मध्ये पूर्ण झाला, पण छापला गेला नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केहिमकर निवर्तले, तेव्हाही ते हस्तलिखितच होते. १९३६ मध्ये इमानुएल ओल्सवांगर हे विद्वान पॅलेस्टाईनहून भारतात आले. ते संस्कृतचेही जाणकार. भगवद्गीतेचा हिब्रू अनुवाद त्यांचाच. त्यांच्या प्रयत्नाने १९३७ साली हा ग्रंथ तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. लेखणी खाली ठेवल्यास तेव्हा चाळीस वर्षे झाली होती.

शंका मात्र तेथेही या समाजाच्या वाट्याला आली. इस्राएलमध्ये स्थायिक झालेल्या बेने इस्राएल कुटुंबांच्या विवाहांना तेथील धर्माधिकाऱ्यांनी वंशाच्या चौकशीची अट घातली. समाजाने निदर्शने केली, आणि अखेर १९६४ मध्ये त्यांना सर्वार्थाने यहुदी म्हणून मान्यता मिळाली.