विठाबाई : नारायणगावची तमाशासम्राज्ञी

गुढीपाडवा जवळ आला की जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, सुपाऱ्या ठरतात. या गावाचं नाव महाराष्ट्रभर गाजवलं ते विठाबाईंनी. तमाशा तसा कुणा एका समाजाचा नाही. पेशवाईतले नामवंत शाहीर सगनभाऊ मुस्लिम होते, तर विठाबाई मांग समाजातल्या.

जुलै १९३५ मध्ये त्यांचा जन्म पंढरपूरला झाला. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा फड होता. त्यामुळे खरं शिक्षण बोर्डावरच झालं. गवळण, लावणी, वगातली कामं, सगळ्यांत त्या तयार झाल्या. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी त्यांनी जवानांसमोर कार्यक्रम केले.

दिवस भरले तरी खेळ बंद नव्हता. एकदा खेळ चालू असतानाच कळा सुरू झाल्या. पडद्यामागे बाळंत होऊन, दगडाने नाळ तोडून त्या पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या. प्रेक्षकांना कळलं तेव्हा त्यांनीच खेळ थांबवला, असं सांगतात. लोक याला हिंमत म्हणतात. हिंमत होतीच, पण मजबुरीही होती. खेळ मोडला तर फडातल्या माणसांनी खायचं काय?

राष्ट्रपतींकडून त्यांचा सन्मान झाला. तरी शेवटच्या आजारपणात दवाखान्याचं बिल देणगीदारांच्या मदतीने भागवावं लागलं. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या. कन्या मंगला बनसोडे यांनी तमाशाचा वारसा पुढे नेला. आता राज्य सरकार विठाबाईंच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. हीच कदर त्यांच्या हयातीत झाली असती तर?